ट्रामपासून चुंबक वाचवणारे नानाभाई मूस

गोंदिया : पावसाळा लागला की मोबाईलवर एक ओळ हमखास येते. मुंबईत कुलाबा वेधशाळेत इतका मिलिमीटर पाऊस, सांताक्रूझला इतका. आपण आमगाव-सालेकसाकडचे लोक ती ओळ वाचतो न वाचतो आणि बोटाने पुढे सरकवतो. मुंबईच्या पावसाचं आपल्या धानाला काय करायचं?

मीही तसंच करत होतो. पण मागच्या वर्षी माझ्या बांधीच्या हद्दीची मोजणी निघाली. मोजणीवाले साहेब रोव्हर मशीन घेऊन आले. काठीवर बसवलेली ती पांढरी डबी आता सगळ्यांनी पाहिली आहे. कोपऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली डबीला उपग्रह काही गवसेना. झाडापासून वीस पावलं दूर गेले तर लगेच काम झालं. तेवढ्या वेळात साहेबांनी सहज सांगितलं की झाडाचं सोडा, उपग्रहाचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि वाटेत वर आभाळात विजेचा एक थर आहे, तो थर बिघडला तर उघड्या माळरानावरही मशीन फसते.

विजेचा थर म्हणजे काय, तो बिघडतो म्हणजे काय, हे वाचत वाचत मी मागे मागे गेलो आणि थेट कुलाबा वेधशाळेतच पोहोचलो. तिथे भेटले नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. आपल्या शाळेच्या पुस्तकात ते नाहीत. पण पृथ्वीचं चुंबकत्व अभ्यासणाऱ्या जगभरच्या लोकांना मूस हे नाव पाठ आहे. २९ ऑक्टोबर ही त्यांची जयंती. म्हणून हा लेख.

जन्माच्या दोन महिने आधी

नानाभाईंचा जन्म मुंबईतल्या पारशी घरात २९ ऑक्टोबर १८५९ रोजी झाला. त्याच्या जवळपास दोन महिने आधी एक विलक्षण गोष्ट घडली होती, ती आधी सांगावी लागेल, कारण त्यांच्या सगळ्या कामाचा धागा तिथूनच निघतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा माणूस दुर्बिणीतून सूर्याचे डाग कागदावर उतरवत होता. अचानक डागांच्या मधोमध झगझगीत प्रकाश चमकला आणि काही मिनिटांत विझला. सतराअठरा तासांनी पृथ्वीवर गोंधळ सुरू झाला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रावर बसलेल्यांना झटके बसले. काही ठिकाणी बॅटरी काढून टाकली तरी तारा चालू राहिल्या, कारण तारेत आभाळातूनच वीज उतरत होती. ध्रुवाकडे दिसणारे रंगीत प्रकाशाचे पडदे पार कॅरिबियन बेटांपर्यंत दिसले.

त्या वेळी मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून, एक वेधशाळा होती. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये बांधली, मूळ हेतू जहाजांना वेळ सांगण्याचा. १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली. एक लोहचुंबक बारीक धाग्याला टांगायचा, त्याला छोटा आरसा लावायचा आणि तो आरसा किती हलला हे दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचं. हे काम दिवसरात्र, तासातासाला. वाचणारे बहुतेक आपलेच देशी कारकून.

२ सप्टेंबर १८५९ ला सकाळी अकराच्या सुमारास कुलाब्याचा हा चुंबक असा काही ढळला की तसा त्या आधी आणि त्या नंतरही इतक्या दक्षिणेकडच्या ठिकाणी नोंदला गेला नाही. आडवं चुंबकबल साधारण १६०० नॅनोटेस्लाने कोसळलं. नॅनोटेस्ला हे चुंबकबल मोजायचं माप. रोजच्या साध्या दिवशी चुंबक पन्नास-साठच्या घरात वरखाली होतो. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं, लडाखच्या हानळेत आकाश लाल झालं, त्या वादळाचा जगभराचा आकडा होता ४०० च्या घरात. त्यावरून १६०० चा अंदाज करा.

कुलाब्याच्या कारकुनाने आकडा वाचला, वहीत लिहिला, पुढचा वाचला. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं मला कुठे दिसलं नाही. आमच्यासारख्या बातमीदारांना ही गोष्ट थोडी लागते.

जांभेकर, छत्रे आणि मग मूस

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या वेधशाळेशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढणारे दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर हेही तिथल्या कामात होते आणि काही काळ त्यांनी वेधशाळेचा कारभार पाहिला. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे तर पोरवयात तिथे नोकरीला लागले आणि वेध घेणं तिथेच शिकले. म्हणजे ज्या हाताने मराठी पत्रकारिता सुरू केली त्याच हाताने चुंबकाचे आकडेही सांभाळले. आम्ही मात्र ६ जानेवारीला पत्रकार दिन करतो तेव्हा हे सांगत नाही.

नानाभाईंनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग केलं, मग स्कॉटलंडमध्ये एडिंबराला जाऊन बी.एस्सी. झाले. परत आल्यावर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. १८९६ मध्ये वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स वारले आणि त्या खुर्चीवर मूस बसले. कायम संचालक होणारे ते पहिले भारतीय.

वर्ष पाहा. १८९६. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. लोक घरंदारं सोडून गावाकडे पळाले, गिरण्यांना माणूस मिळेना. करोनात आपण काय पाहिलं ते आठवा, म्हणजे वेगळं सांगायला नको. अशा शहरात रोजचा चुंबक रोज वाचायचा, एक तास चुकवायचा नाही, ही नोकरी होती. १८७२ पासून एवढी सोय झाली होती की आरशावरचा उजेड फोटोच्या कागदावर आपोआप रेघ काढत असे. पण कागद बदलायचा, धुवायचा, रेघ मोजायची, चुंबकाची ताकद मधून मधून तपासायची, हे सगळं माणसालाच करायचं.

पुढच्याच वर्षी, जून १८९७ मध्ये, आसामला प्रचंड भूकंप झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच कुलाब्याला भूकंपमापक यंत्र आलं. मूससाहेबांनी तेही काम अंगावर घेतलं. त्यात मी जास्त शिरत नाही.

चुंबकाला कळतं ते आभाळातलं

आता मूळ मुद्दा. जमिनीवर टांगलेल्या चुंबकाचा आणि वरच्या आभाळाचा संबंध काय?

जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर वर हवा फार विरळ असते. सूर्याचे प्रखर किरण तिथल्या हवेच्या कणांना फोडतात आणि त्यातून विजेचे भार मोकळे होतात. हाच तो विजेचा थर, आयनोस्फियर म्हणतात त्याला. दिवसा तो दाट होतो, रात्री पातळ. दिवसा वर वारा वाहतो तसा या थरात विजेचा प्रवाह वाहतो. वीज वाहिली की चुंबक हलतो, हे शाळेत आपण बॅटरी आणि होकायंत्र घेऊन केलेलंच आहे. तर कुलाब्याचा चुंबक सकाळी वर चढायचा आणि दुपारनंतर उतरायचा, तो या वरच्या प्रवाहामुळे.

मजा अशी की हे सगळं मोजणं चालू होतं तेव्हा असा थर आहे हे कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. १८८२ मध्ये बाल्फर स्टुअर्ट या शास्त्रज्ञाने तसा तर्क मांडला होता, एवढंच. रेडिओच्या लहरी वर पाठवून थराची उंची इंग्लंडमध्ये ॲपलटन यांनी मोजली ती १९२४ नंतर. आपल्याकडे कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांनी १९३० च्या सुमारास ते काम सुरू केलं. मूस यांच्याकडे फक्त धाग्याला टांगलेला चुंबक आणि साठ वर्षांच्या वह्या.

जुन्या लोकांना हा थर कानाने माहीत आहे. आमच्या घरी आबा रात्री रेडिओ सिलोन लावायचे. मध्येच आवाज खोल जायचा, मग आपसूक वर यायचा. आबा रेडिओवर थाप मारायचे. बिचाऱ्या रेडिओचा काही दोष नव्हता. कोलंबोहून निघालेली शॉर्टवेव्ह वरच्या थरावर आपटून आपल्या अंगणात उतरत होती आणि तो थरच हलत होता.

विजेवरची ट्राम

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. १९०० च्या आसपास ठरलं की ट्राम विजेवर चालवायची. शहराला आनंद झाला असणार, आणि का होऊ नये. घोड्यांची लीद, धूळ, उन्हात कोसळणारी जनावरं, यातून सुटका होणार होती.

कुलाबा वेधशाळेत मात्र धोक्याची घंटा वाजली. विजेच्या ट्रामला वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. पण रूळ जमिनीवर पडलेले. सगळी वीज रुळातून जात नाही, काही जमिनीत झिरपते आणि वाट फुटेल तिकडे वाहते. आपल्या मोटारपंपाच्या केबलला चीर पडली की ओल्या बांधीत करंट पसरतो, तसंच समजा. ट्राम निघाली, थांबली, चढावर लागली की जमिनीतली वीज कमी-जास्त होणार आणि चुंबक त्यावर नाचणार. मग सूर्यामुळे हलला की ट्राममुळे, कसं कळणार?

मूस यांच्यापुढे तीन वाटा होत्या. ट्रामला विरोध करून ती रोखायची. नाहीतर मोजणी बंद करायची, साठ वर्षं झाली, पुष्कळ झाली. नाहीतर चुंबक उचलून दुसरीकडे न्यायचा. एवढ्या मोठ्या शहराची सोय एका चुंबकासाठी कोण अडवणार? त्यांनी तिसरी वाट धरली आणि जागा शोधायला लागले.

जागा मुंबईपासून लांब हवी, म्हणजे ट्रामची वीज पोहोचणार नाही. पण फार लांबही नको, नाहीतर कुलाब्याच्या जुन्या आकड्यांशी मेळ बसणार नाही. समुद्रापलीकडे, मुंबईच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर अलिबाग ठरलं. तेव्हा त्या जिल्ह्याचंही नाव कुलाबाच होतं, आता रायगड म्हणतात, त्यामुळे वाचताना माझा एकदा घोळ झाला. मुंबईतला कुलाबा वेगळा, कुलाबा जिल्हा वेगळा.

इमारत बांधणं ही वेगळीच कसरत. लोखंड अजिबात चालणार नाही. खिळा नाही, बिजागरी नाही, गज नाही. सगळं पितळ, तांबं, लाकूड. कोकणातला काळा पाषाण घ्यावा तर तो लाव्ह्याचा, त्यात स्वतःचंच चुंबकत्व. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म मागवला. चुंबक जिथे टांगायचा ती खोली अशी बांधली की आत उन्हाळा-हिवाळा फारसा जाणवू नये, कारण तापमान बदललं की चुंबकाची ताकदही बदलते.

दोन वर्षं दोन्हीकडे

१९०४ मध्ये अलिबागला मोजणी सुरू झाली. आणि इथेच मला मूससाहेबांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा बंद केलं नाही. विजेची ट्राम यायला अजून अवधी होता. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजत राहिले. दोन जागा, दोन संच, माणसं दुप्पट, खर्च दुप्पट. वरून पाहणाऱ्याला हा उधळेपणा वाटला असता.

पण त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. समजा कुलाब्याचा आकडा शेवटच्या दिवशी एक आणि अलिबागचा पहिल्या दिवशी दुसरा. मधला फरक जागेचा की काळाचा? दोन वर्षं शेजारी शेजारी मोजलं की जागेचा फरक नेमका कळतो, तो एकदा वजा केला की साठ वर्षांची जुनी दोरी आणि नवी दोरी यांची पक्की गाठ बसते.

हे मी एवढं ताणून का सांगतोय त्याला कारण आहे. आमच्या आबांनी पावसाची वही ठेवली होती. अंगणात पत्र्याचं मापाचं भांडं, रोज सकाळी आठला पाणी मोजायचं आणि लिहायचं. आबा गेल्यावर ती वही मी चालवली. नंतर अंगणात ट्रॅक्टरचं शेड बांधलं आणि भांडं उचलून शेडच्या छतावर ठेवलं. वर वारा जास्त, थेंब तिरके पडतात, भांड्यात पाणी कमी येतं. आता माझ्या वहीत असं दिसतं की शेड बांधलं त्या वर्षापासून आमच्या गावाचा पाऊस कमी झाला. खरंच कमी झाला की भांडं हललं म्हणून? महिनाभर दोन भांडी ठेवली असती, एक खाली एक वर, तर आज छातीठोक सांगता आलं असतं. बोडीत पाणी का टिकत नाही यावर ग्रामसभेत बोलताना ती वही मी काढली होती आणि पोराच्या एका प्रश्नावर गुमान परत पिशवीत ठेवली.

मूस इंजिनिअर होते. त्यांना हे आधी सुचलं. मला नंतर.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. तोपर्यंत चुंबक अलिबागला सुखरूप होता.

साठ वर्षांच्या वह्या, दोन ग्रंथ

१९१० मध्ये मूस यांनी दोन जाडजूड ग्रंथ छापले. कुलाब्याची १८४६ ते १९०५ ची चुंबकीय नोंद. त्या काळी कॉम्प्युटर सोडा, साधा कॅल्क्युलेटर नाही. साठ वर्षांचे तासातासाचे आकडे. बारा महिने, चोवीस तास, ओळीने बेरजा, सरासरी, पुन्हा तपासणी. पहिल्या ग्रंथात आकडे आणि ते कसे घेतले, दुसऱ्यात त्या आकड्यांतून काय दिसतं.

आणि जे दिसलं ते नवं होतं. चुंबकीय वादळं सगळी सारखी भासत नाहीत, एक इकडे झुकतं, दुसरं तिकडे. मूस यांनी बरीच वादळं घेतली आणि घड्याळाच्या वेळेने न लावता, प्रत्येक वादळ सुरू झालं तो क्षण शून्य धरून एकाखाली एक मांडली. मग सरासरी काढली. एकदम एक चाल समोर आली. सुरुवातीला चुंबकबल थोडं वाढतं, मग काही तासांत धाडकन पडतं, आणि नंतर दिवसचे दिवस हळूहळू पूर्ववत होतं. ताप कसा एकदम चढतो आणि सावकाश उतरतो, तसं. पुढे इंग्लंडच्या सिडनी चॅपमन यांनी हीच पद्धत अनेक देशांच्या आकड्यांवर लावली आणि चुंबकीय वादळाचं शास्त्र उभं राहिलं. आजही वादळाची तीव्रता सांगणारा जो आकडा जगभर वापरतात त्याचं मूळ या मांडणीत आहे.

एडिंबराच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपला फेलो केलं. दोन दशकांहून जास्त काळ वेधशाळा सांभाळून ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये मुंबईच्या या माणसाने जगाचा निरोप घेतला. घरगुती आयुष्याबद्दल मी लिहीत नाही, माझ्या हाती पक्कं असं कामाचंच आहे.

मोहाच्या झाडाखालची डबी

आता पुन्हा आपल्या बांधीत येऊ. रोव्हरला उपग्रहाचा सिग्नल येतो तो त्याच विजेच्या थरातून. थर दाट असला की सिग्नल किंचित रेंगाळतो आणि मशीनला अंतर जास्त वाटतं. ही चूक काही मीटरची होऊ शकते, कधी त्याहून जास्त. म्हणून काही अंतरावर पक्की बसवलेली दुसरी मशीन असते. तिला आपली जागा ठाऊक असते, त्यामुळे आभाळ किती फसवतंय ते ती काढते आणि रोव्हरला कळवते. दोघांवरचं आभाळ सारखं असेल तोवर हद्द बोटभर फरकाने बरोबर येते. आभाळ मध्येच फाटलेलं असेल तर नाही.

आणि आपला पट्टा यात जरा नाजूक आहे. पृथ्वीचा चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकाजवळून जातो. तिथे वर उचलला गेलेला विजेचा थर दोन्ही बाजूंना ओघळतो आणि त्याचा दाट पुंजका उत्तरेला अहमदाबाद, भोपाळ याच्या आसपास जमतो. गोंदिया त्यापासून फार लांब नाही. सूर्य मावळल्यावर काही दिवस या थरात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकतो, चांदण्या लुकलुकतात तसा.

मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन मक्याच्या पेरणीत शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले. ओळी सरळ येईनात म्हणून पेरणी थांबवावी लागली. आपल्याकडे अजून रोवणी बायाबापड्यांच्या हाताने होते, कंबर मोडते पण सौर वादळाने थांबत नाही. ड्रोनने फवारणी मात्र तालुक्यात आली आहे. तेव्हा हे प्रकरण अगदीच लांबचं राहिलेलं नाही.

हा थर पाहायची सगळ्यात बारीक नजर आज आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. ती बांधली दूरच्या आकाशगंगांची रेडिओ लहर ऐकायला. पण ती लहर येताना शेवटी आपल्याच आभाळातल्या थरातून येते आणि वाकते. बोडीच्या पाण्यात पडलेला खडा लाटांमुळे हललेला दिसतो, तसा आकाशातला तारा जागचा हललेला दिसतो. तारा तर हलत नाही. मग हललं काय? पाणी. म्हणजे दोन तबकड्यांना लहर किती फरकाने मिळाली हे मोजलं की त्यांच्यावरच्या थरात किती फरक आहे ते कळतं, आणि जीपीएसला दिसणार नाही इतका बारीक फरक कळतो. इंदूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी जीएमआरटीचे वेध घेऊन थरातल्या अशा लाटा तपासल्या आहेत. खगोलवाल्यांचा जो त्रास, तोच यांचा अभ्यास.

तिथेही ट्रामची कथा पुन्हा घडते आहे. दुर्बिणीजवळ मोठे कारखाने, विजेचा गोंगाट चालत नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ आराखडा तिथूनच जात होता आणि जीएमआरटीला बाधा येईल या कारणाने तो अडला. तिथल्या शेतकऱ्यांना रेल्वे हवी आहे, टोमॅटो, कांदा बाजारात न्यायचा आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. फरक इतकाच की कुलाब्याचा चुंबक पेटीत घालून अलिबागला नेता आला, पंचवीस किलोमीटरची दुर्बीण उचलून नेता येत नाही.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी मिळून १८५९ च्या त्या वादळाचा पुन्हा हिशेब मांडला. बहुतेक ठिकाणच्या यंत्रांचा काटा पट्टीच्या बाहेर गेला होता किंवा नोंद तुटली होती. मुंबईची नोंद हाती होती. आज वीज कंपन्या आणि उपग्रहवाले सगळ्यात वाईट वादळाची तयारी करतात तेव्हा कुलाब्याचा तो आकडा समोर ठेवतात.

अलिबागची वेधशाळा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. या संस्थेचं मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. मुंबईतली विजेची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची धावली आणि बंद पडली. अलिबागला मोजणी अजून चालू आहे.